गोल म्हणजे काय

नामपल्ली, हैदराबाद
दसरा, १४ ऑक्टोबर १९५६

प्रिय जयू,

आधी सोनं घे. आपट्याचं पान पाकिटात घातलंय. औरंगाबादला पोचेपर्यंत चुरा होईल, पण तो चुराही सोन्याचाच समज. पत्र तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय, घरी मामांच्या हाती पडायला नको.

सकाळी तुमच्या मलकपेठच्या घरी सोनं द्यायला गेलो होतो. तुझे नाना म्हणाले, "या हिम्मतराव." मग, "बसा हिम्मतराव." आणि चहा संपायच्या आत, "निघता का हिम्मतराव?" संपलं बोलणं. त्यांच्या मुलाच्या वयाचा मी, आणि ते मला अहोजाहो करतात. ऑफिसात पोरासोरांना अरेतुरे, मला मात्र मान! उंबऱ्याबाहेर ठेवायची ही त्यांची पद्धत आहे, मला काय कळत नाही?

कळतं. मागे तुझ्या आईने विषय काढला तेव्हा ते काय म्हणाले, तूच सांगितलंस. "कॉलेज अर्ध्यात सोडणारा संसार कुठवर नेईल?" जयू, कॉलेज मी सोडलं नाही, सोडायला लावलं. शाळेत सगळं उर्दूतून शिकवायचं, मग राज्य बदललं की एकदम इंग्रजीतून, आणि वर्गात एक उच्चार चुकला म्हणून मास्तरने माझी नक्कल करायची? पुस्तक टेबलावर आपटून निघालो. परत गेलोही असतो. पण माफी मागावी लागली असती.

असो. खरी बातमी पुढेच आहे. आमचं मशीन आलं!

पहिल्या तारखेपासून हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, हे तुलाही ठाऊक आहे. आमच्या गोदा औषधी भांडाराचे डेपो मात्र तिन्ही तुकड्यांत. नांदेड, औरंगाबाद मुंबई राज्यात, गुलबर्गा म्हैसूरकडे, वरंगल इकडे. प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा, म्हणून हिशेब वेगळा. नानांची हिशेब शाखा एवढं कसं उरकणार? म्हणून मालक आबासाहेबांनी मुंबईहून नवे मॅनेजर आणलेत, प्रतापराव. आणि प्रतापरावांनी हे मशीन आणलंय, सध्या परीक्षेपुरतं भाड्याने. जाड कागदाच्या कार्डांना मुली भोकं पाडतात. भोक कुठे आहे त्यावरून मशीन आकडा ओळखतं, बेरीज करतं आणि छापून देतं. कपाटाएवढं आहे. चालू झालं की शेजारच्या खोलीतले पेले वाजतात.

सप्टेंबरचे सगळ्या डेपोंचे विक्रीचे तक्ते नानांची शाखा हाताने मांडणार आणि तेच आम्ही मशीनवर. दोन्ही बेरजा आबासाहेबांपुढे. मशीन पसंत पडलं तर तीन वर्षांचा करार, आणि मशीन खात्याचा सुपरवायझर मी! प्रतापरावांनी शब्द दिलाय. मग मी मलकपेठला येईन तो चहा पिऊन निघायला नाही. तुला मागायला.

काल खंडेनवमीला मशीनला हार घातला. नानांनी आपलं पेन पूजेत ठेवलं, पण हातभर लांब. कुणीतरी म्हणालं, "मुकुंदराव, एकाच पाटावर ठेवा की." तर म्हणाले, "नक्को. माझ्या पेनाची शाई उडली तर बिचाऱ्याची बेरीज चुकेल." सगळे हसले. मीही हसलो. प्रतापरावांनी बघितलं तसा थांबलो.

तुझा आणि तुझाच,
हिम्मत


ऑफिस, नामपल्ली
२३ ऑक्टोबर १९५६

जयू,

तुझं पत्र आलं. चार वेळा वाचलं आणि आता खिशात आहे. ऑफिसात बसूनच उत्तर लिहितोय, कारण धीर नाही. समोर कार्डांचे गठ्ठे, मागे मुलींची टकटक. या आवाजात मला तू फार आठवतेस. का ते विचारू नकोस, मला प्रत्येकच आवाजात आठवतेस.

तू लिहिलंस, "नानांच्या विरुद्ध बाजूला उभा राहून नानांची मुलगी मागायची, हे कसं?" विरुद्ध कुठे, जयू? ते हाताने मांडतात, मी मशीनने. आकडे तेच.

आकड्यांवरून आठवलं. जुन्या डेपोंचे मुन्शी अजून उर्दूतच आकडे लिहितात. कार्डं पाडणाऱ्या मुलींना येतात फक्त इंग्रजी. प्रतापराव वैतागले, म्हणाले, सगळे तक्ते आधी उतरवून घ्या. त्यात आठवडा गेला असता. मी म्हटलं, कशाला? आकडे दहाच तर आहेत, मी शिकवतो. भामा म्हणून चिक्कडपल्लीची मुलगी आहे, हात सगळ्यांत चलाख. तिला एका चिठ्ठीवर दहा आकडे काढून दिले, बाकीच्यांना तिने सांगायचे. प्रतापराव खूश! "मिस्टर, डोकं आहे तुम्हाला," म्हणाले.

तर, त्या दिवशी बागेत तू जे म्हणालीस ते मी— थांब, ही भामा काहीतरी विचारतेय. टिंब म्हणजे काय म्हणे. शून्य, बाई, उर्दूत शून्य टिंबच असतं, चिठ्ठीत आहे. "आणि हे गोल?" म्हणते. शून्यच, आणखी काय असणार गोल! "दोन-दोन शून्यं?" म्हणाली. मी म्हटलं, निजामाचं राज्य होतं बाई, दोन काय, चारही असतील! सगळ्या मुली हसल्या. गेली एकदाची.

हां, तर बागेत तू म्हणालीस की माझ्या हाताला शाईचा वास येतो. आता येत नाही. आता मशीनच्या तेलाचा येतो. चालेल ना?

तुझा,
हिम्मत


नामपल्ली
४ नोव्हेंबर १९५६

प्रिय जयू,

झोपलो तेव्हा तू आणि मी एका राज्यात होतो. एक तारखेला उठलो तर तू मुंबई राज्यात आणि मी आंध्र प्रदेशात. दिवाळीचे दिवस, पण लिहायला हात उचलला जात नाही. नानांनी तुला कळवलं असेल, नसेलही. त्यांचा स्वभाव तुला माहीत.

बेरजा आल्या. जुळत नाहीत. गोदामातून डेपोंना जेवढा माल गेला, त्यातून शिल्लक वजा केली की नानांची बेरीज तंतोतंत येते. मशीनची बरीच कमी येते. नांदेडला तर फारच.

मला वाटलं, मशीन नापास. पण प्रतापरावांनी उलटंच धरलं. म्हणाले, "मशीनला ना जात ना भाऊबंद, ते कशाला खोटं बोलेल? विक्री कमीच झाली आहे. राहिलेला माल डेपोंतून बाहेर गेला. आणि मुकुंदरावांची शाखा वर्षानुवर्षं पदरचे आकडे घालून हिशेब जुळवत आली आहे."

नाना उभे राहिले. म्हणाले, "माझा हिशेब जुळतो, हा माझा गुन्हा?"

"फारच जुळतो," प्रतापराव म्हणाले.

आबासाहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. शेवटी म्हणाले, "मुकुंदराव, चौकशी होईपर्यंत जरा घरी आराम करा." नानांनी पेनाला टोपण लावलं. दोनदा लावलं, पहिल्यांदा नीट बसलं नाही. जाताना माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "तुमचं मशीन जिंकलं, हिम्मतराव."

जयू, मी काय बोलायला हवं होतं? मशीनची बेरीज मशीनची. मी ती केलेली नाही.

हिम्मत


नामपल्ली
१२ नोव्हेंबर १९५६

प्रिय प्रिय जयू,

पेढे वाट! नाना कामावर परत आले! आणि कुणामुळे? तुझ्या या अर्ध्यात कॉलेज सोडलेल्यामुळे!

तुझं पत्र आलं, "माझ्या नानांनी आयुष्यात एक दाणा इकडचा तिकडे केलेला नाही, तू तिथे असून गप्प कसा बसलास?" ते वाचून मी मशीनने छापलेले कागद पुन्हा उपसायला बसलो. नांदेडचं पान घेतलं. काहीतरी खटकत होतं, काय ते कळेना. वरून खाली, खालून वर. आणि एकदम दिसलं. पानभर आकडे, आणि त्यात एकही पाच नाही! पंधराच्या जागी दहा. पंचवीसच्या जागी वीस. असं कधी होईल का, की अख्ख्या महिन्यात कुठे पाच बाटल्या विकल्याच गेल्या नाहीत?

उर्दूतला पाच तू पाहिला आहेस ना? पुस्तकात छापतात तो उलट्या पिंपळपानासारखा. पण हाताने लिहिणारा मुन्शी घाईत पान कुठे काढत बसतो, नुसता गोल काढतो. पंच करणाऱ्या मुलीने त्या गोलाला शून्य धरलं. दुसरी मुलगी पडताळणी करते, पण तिलाही हिनेच शिकवलेलं, मग चूक सापडणार कशी?

पळत प्रतापरावांकडे गेलो. कार्डं पुन्हा पाडली. या खेपेला बेरीज नानांशी शेवटच्या बाटलीपर्यंत जुळली. आबासाहेबांनी आपली मोटार मलकपेठला पाठवली. नाना आले ते पायीच आले, मोटार मागून रिकामी! आता कार्डं पाडण्याआधीचा प्रत्येक तक्ता नानांच्या नजरेखालून जाणार. मशीनही पसंत झालं, तीन वर्षांचा करार झाला.

आणि ऐक. नानांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अरे हिम्मत, घरी ये रविवारी जेवायला." अरे, जयू! अरे म्हणाले मला!

त्या मुलीला काढलं. काय करणार, चूक ती चूक.

तुझा सुपरवायझर,
हिम्मत


नामपल्ली
२५ नोव्हेंबर १९५६

जयू,

उत्तराला उशीर झाला. कामं आहेत.

तू लिहिलंस, तुझा अभिमान वाटतो. नानांनी तुला पहिल्यांदाच माझ्याबद्दल आपणहून लिहिलं, तेही वाचलं. वडीलधाऱ्यासाठी तोंड उघडणारा मुलगा, असं लिहिलंय म्हणे. लिहू दे.

जेवायला गेलो होतो. तुझ्या आईने खीर केली होती. नाना म्हणाले, "माघात बघू. तोवर जयवंताच्या शाळेतल्या परीक्षा आटपतील." म्हणजे तुझ्यामाझ्या लग्नाचं, कळलं ना तुला? एवढे दिवस जे मागत होतो ते खिरीच्या वाटीबरोबर पुढ्यात आलं. आणि माझ्याने खीर संपेना. तुझी आई म्हणाली, "लाजतोय." नाना हसले. "लाजू दे. खा रे, तुझंच घर आहे."

तू तीनदा विचारलंस की त्या मुलीचं पुढे काय झालं. मला काय माहीत? ती रोजंदारीवर होती. नानांचं एवढं झालं, माझं झालं, त्यात तुला तीच दिसते? चिठ्ठी मी दिली होती, चिठ्ठीत आकडे बरोबर होते. तिला विचारायचं होतं तर नीट विचारायचं.

रागावू नकोस. डोकं दुखतंय. मशीनचा आवाज घरी आल्यावरही कानात राहतो.

हिम्मत


हैदराबाद
९ डिसेंबर १९५६

जयवंता,

मागच्या पत्रात मी लिहिलं, तिने नीट विचारायला हवं होतं. तिने नीट विचारलं होतं.

ऑक्टोबरातलं माझं पत्र तुझ्याकडे असेल तर असो, फाडलं असशील तरी हरकत नाही, मीच सांगतो. मी तुला पत्र लिहीत होतो. भामा तक्ता घेऊन टेबलाशी आली. तिने गोलावर बोट ठेवून विचारलं, हे काय. मी मान वर केली नाही. तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मला लगेच कळलं असतं की पाच आहे. आयुष्याची आठ वर्षं मी तेच आकडे गिरवले आहेत. न बघता म्हणालो, शून्य. तिला पटलं नव्हतं, दोन शून्यं कशी म्हणून तिने पुन्हा विचारलं. मी विनोद करून तिला गप्प केलं. तो विनोद तुला आवडेल म्हणून पत्रातही लिहिला.

तुला पत्र लिहीत होतो म्हणून झालं, असं मी म्हणत नाही. मनात आलं होतं, पण ते खोटं आहे.

पाच सापडला त्या दिवशी प्रतापरावांच्या खोलीत मी खरं बोलायलाच गेलो होतो, असं स्वतःला सांगत आलो. तोंडातून आलं ते, "पंच करणाऱ्या मुलीने शून्य वाचलं." यात खोटा शब्द एकही नाही, बघ. प्रतापरावांनी तिला बोलावलं. "कुणी सांगितलं तुला गोल म्हणजे शून्य?" मी तिच्या शेजारी उभा होतो. ती म्हणाली, "माझंच चुकलं साहेब." आणि गेली.

तुझ्या त्या तीनदा विचारण्याने मला बसू दिलं नाही. मागच्या रविवारी चिक्कडपल्लीला गेलो. दारातच भाजी निवडत होती.

"या साहेब. सुपरवायझर झालात म्हणे."

मी विचारलं, "त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीस?"

"तुम्ही शेजारीच होतात की. मला वाटलं, आता बोलतील. मग वाटलं, आता. मग दार आलं."

आत तिची आई खोकत होती, "कोण गं?" म्हणून विचारलं. भामा म्हणाली, "ऑफिसातले. चुकून आलेत." मग उठून तिने मला दाखला दाखवला. कंपनीने काढताना दिलेला. त्यात शेवटची ओळ, 'आकडे वाचण्यात बेजबाबदार.' हा दाखला बघून कुठल्याच ऑफिसात तिला आत घेत नाहीत. मी म्हटलं, मी बोलतो, तुला परत घेतील. ती म्हणाली, "नोकरीचं बघू नंतर. आधी ती ओळ काढून आणा. ती माझी नाही. तुमची आहे."

सोमवारी प्रतापरावांना सांगितलं. सगळं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "मिस्टर, अहवाल गेला. दोष कुठेतरी ठेवावा लागतो. मशीनवर ठेवला तर मशीन जातं. तुमच्यावर ठेवला तर मी निवडलेला माणूस जातो, म्हणजे मी जातो. मुलगी रोजंदारीची. नवीन यंत्र आलं की एवढं होतंच. जा, काम करा."

जयवंता, पूर्वीचा मी असतो तर टेबल उलथून निघून आलो असतो. ते फार सोपं असतं. मशीनही त्यांचं, पापही त्यांचं, आणि मी पुन्हा एकदा अन्याय झालेला. दाराच्या कडीवर हात गेलाच होता. पण निघून आलो असतो तर ती ओळ तिथेच राहिली असती. म्हणून गेलो तो आबासाहेबांकडे गेलो.

त्यांनी ऐकून घेतलं. पहिला प्रश्न विचारला, "मशीन बरोबर आहे ना पण?"

"आहे."

"मग मला कशाला सांगतोस?"

मी म्हटलं, "मशीन बरोबर आहे, मुकुंदराव बरोबर आहेत, ती मुलगीही बरोबर आहे. चुकला तो मी, आणि बढती माझीच झाली आहे."

त्यांनी कारकुनाला बोलावून ती ओळ वगळून नवा दाखला लिहून घेतला, खाली सही केली, शिक्का मारला. मला म्हणाले, "सुपरवायझर तू नाहीस आता. डेपोडेपो हिंड. प्रत्येक मुन्शीसमोर बस, तो कसा लिहितो ते बघ, भिंतीवर आकड्यांचा तक्ता लाव. आधी हे केलं असतं तर मशीनची परीक्षा झाली असती. आपण माणसांचीच घेतली, आणि तीही चुकीच्या माणसांची." प्रतापरावांना ते काय बोलले, मला माहीत नाही. प्रतापराव माझ्याशी बोलत नाहीत.

दाखला भामाला नेऊन दिला. तिने सावकाश वाचला. खाली बोट ठेवून म्हणाली, "आणि हे गोल काय आहे?"

मी वाकून बघितलं. "शिक्का आहे. आबासाहेबांचा."

"बघितलंत ना नीट?"

"बघितलं."

परत कामावर येशील का, विचारलं. म्हणाली, "तुमच्या जागी कोण येतंय, ते बघते आधी."

मग मलकपेठ. हे लिहायलाच पत्राचे दोन कागद फाडलेत. नाना ओसरीवर बसले होते. रेसकोर्सवरचे घोडे फिरवून परत नेत होते, ते जाईपर्यंत थांबलो, मग सांगितलं. तुला पत्र लिहीत होतो, हेही सांगितलं. नानांनी चष्मा काढून पुसला. घातला नाही, हातातच धरला. आतून तुझी आई म्हणाली, "हिम्मत आलाय का? जेवूनच जाऊ दे त्याला."

नाना म्हणाले, "बसा हिम्मतराव."

मी बसलेलोच होतो.

चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "माझ्यावर आळ आला तेव्हा मी घरी बसलो. मला घर होतं, पुढे मोटारही आली. त्या मुलीकडे कोण गेलं?" मग म्हणाले, "जयवंताला तुम्ही कळवा. मी कळवणार नाही. माझ्याकडून कळलं तर ती माझ्या मनासारखं करेल. तुमच्याकडून कळलं तर तिचं ती ठरवेल." आणि उठले. "निघता का हिम्मतराव?"

निघालो. जेवायचं राहिलं. तुझ्या आईला त्यांनी काय सांगितलं, ठाऊक नाही.

उद्या नांदेडला जातोय. त्या मुन्शींना भेटायचं आहे. मोठे तक्ते करून घेतलेत, एका बाजूला इंग्रजी आकडे, दुसऱ्या बाजूला उर्दू, आणि पाचाची दोन्ही रूपं काढली आहेत, पान आणि गोल. मग परभणी, जालना. संक्रांतीच्या सुमारास औरंगाबादच्या डेपोत असेन. मामांच्या घरी येणार नाही. शाळेच्या फाटकाशीही उभा राहणार नाही. डेपो गुलमंडीत आहे, बाहेर औषधांच्या खोक्यांची रास असते, विचारलंस तर कुणीही दाखवेल.

तू यावंस असं म्हणायचा हक्क मला नाही. आलीस आणि काही विचारलंस, तर हातातलं काम ठेवून, मान वर करून उत्तर देईन.

हिम्मत